कोणी पाहिलं, ते सांगा

आमच्या कामात एकदा घेतलेली नोंद कधी पुसत नाहीत. चुकीची निघाली तर बाजूला काढतात, दुसऱ्या नोंदीत मिसळतात, पण तिचा नंबर तसाच राहतो. दहा वर्षांनी कोणी तो जुना नंबर टाकून विचारलं, तर 'त्या बाई आता इकडं राहायला गेल्या' असा पत्ता द्यावाच लागतो. हीच खोड आम्हाला एकमेकांच्या बाबतीत लागली आहे. आमच्यातल्या गजाननला वाटतं पेढ्यांचं प्रकरण आता लोक विसरले. असं कसं विसरतील? त्याला नंबर पडलाय की!

आम्ही चौघं. ऑफिस नांदेडात, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. काम असं, की जगभरचे शास्त्रज्ञ प्रोटीनवर प्रयोग करून पेपर लिहितात. प्रोटीन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ. मणी वीस तऱ्हेचे, आणि कोणता मणी कुठं बसलाय यावरून माळेचं काम ठरतं. अशा सगळ्या माळांचा एक मोठा संग्रह कॉम्प्युटरवर आहे. आम्ही पेपर वाचायचा आणि संग्रहात त्या माळेपुढं लिहायचं, की ही काय करते, पेशीत कुठं राहते, कोणता मणी बदलला की बिघडते. परदेशातली एक संस्था हे काम आम्हाला एकेका वर्षाच्या करारावर देते. या नोकरीला क्युरेटर म्हणतात. माझ्या लातूरच्या काकू अजून 'क्युरेटिव्हमध्ये आहे' असं सांगतात आणि मला गुडघ्यावरचं औषध विचारतात.

•

आमचे प्रमुख बिराजदार सर. उदगीरचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज हळू, आणि तोंडात एकच प्रश्न, "कोणी पाहिलं?"

तुम्ही लिहिलं की हे प्रोटीन साखर फोडतं. कोणी पाहिलं? प्रयोग करून कोणी पाहिलं असेल, तर 'प्रत्यक्ष' अशी खूण करायची आणि पेपर दाखवायचा. कोणीच पाहिलं नसेल, पण त्याची माळ दुसऱ्या एखाद्या तपासलेल्या माळेसारखी असेल, तर 'सारखं दिसतं म्हणून' अशी खूण करायची आणि कोणासारखं ते सांगायचं. दोन्हीतलं काही नसेल तर गप्प बसायचं. सरांना गप्प बसलेली नोंद फार आवडते.

एकदा मी त्यांच्यासोबत टरबूज घ्यायला थांबले. गाडेवाला म्हणाला, लई गोड हाय सर. सरांनी विचारलं, "तुम्ही खाल्लं?"

तो बिचारा गडबडला. म्हणाला, हे नाही खाल्लं, याच्या शेजारचं खाल्लं, एकाच वेलावरचं हाय. सर इतके खूश झाले की एकाऐवजी दोन घेतले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, कसं निघालं? दोन्ही पांढरीफटक निघाली होती.

"पण माणूस खरा होता," सर म्हणाले. "नोंद बरोबरच होती. टरबूज चुकलं."

•

आता पेढे.

गजानन हिमायतनगरकडचा. एम.एस्सी. करून थेट आमच्याकडं आला. हुशार, उत्साही, आणि एखादी गोष्ट कळली की ती सगळ्या गावाला कळावी असं वाटणारा. पहिल्याच आठवड्यात सरांनी त्याला पेपरांचा एक गठ्ठा वाचायला दिला. दोन-तीन दिवस तो मान वर न करता वाचत राहिला. मग एका सकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला आणि आल्या आल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला.

त्यानं शोध लावला होता. भाताचं प्रोटीन घ्या, उंदराचं घ्या, जिवाणूचं घ्या, सगळ्यांच्या शेवटी सारखीच शेपटी! एकाच जातीचे सहा मणी ओळीनं. त्याच्या मते हे सगळे एका मूळ घराण्यातले होते आणि आजवर जगात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं घराण्याला नावसुद्धा काढून ठेवलं होतं. घराण्याचं नाव गजाननच्या आडनावावरून होतं.

सर पेढा खात शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "गजानन, नव्या शर्टाला दुकानदार लेबल लावतो ना? ते लेबल कापसाच्या झाडाला येतं का?"

ती शेपटी शास्त्रज्ञांनीच लावलेली असते. हजार प्रोटीनच्या गर्दीतून आपलं एक ओढून काढायला सोपं जावं म्हणून. काम झालं तरी बरेचदा ती तशीच राहते. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, पण गजानन त्या दिवशी एस.टी. चुकल्यामुळं दुपारी आला होता.

गजानन खाली मान घालून बसला. सरांनी बॉक्समधून आणखी एक पेढा उचलला आणि म्हणाले, हा मात्र प्रत्यक्ष आहे.

•

नाझनीन आमच्यातली सगळ्यात बारीक नजरेची. सरांचा प्रश्न तिनं घरी नेला, आणि घरात भांडणं लागली.

तिची अम्मी सांगे, अमकीच्या सुनेनं वेगळी चूल मांडली. नाझनीन विचारी, कोणी पाहिलं? अम्मी सांगे, तमक्याच्या पोराला दुबईला नोकरी लागली. कोणी पाहिलं? शेवटी अम्मीनं तिच्यासमोर डाळ ठेवली आणि म्हणाली, मीठ बरोबर हाय. नाझनीन सवयीनं म्हणाली, कोणी पाहिलं?

त्या दिवशी नाझनीन ऑफिसात उपाशी आली. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी तिनं खाल्ली, वरून माझ्या ठेच्यात मीठ कमी असल्याचं प्रत्यक्ष पाहून सांगितलं.

•

गजाननसाठी स्थळ आलं मुखेडचं. मुलगी शीतल, किनवटला हॉस्टेलवर राहून नर्सिंग शिकणारी. वडील मारोतराव, दहा-बारा एकर कोरडवाहू, गावात शब्दाला वजन. बघायच्या कार्यक्रमाला सरांना वडीलधारे म्हणून नेलं आणि आम्ही दोघी मागं मागं गेलो. शीतल पोह्यांच्या बश्या ठेवून गेली. मान वर केली नाही, बोलली नाही.

मारोतरावांनी विचारलं, पाव्हणं, काम काय करता?

हा आमच्या सगळ्यांच्या आयुष्यातला अवघड प्रश्न. प्रोटीन म्हटलं की लोक व्यायामशाळेतल्या डब्याचा भाव विचारतात. गजाननला मात्र त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे. तो म्हणाला, "जगातल्या प्रोटीनची आधार कार्डं काढतो आम्ही. नाव काय, गाव कोणतं, कोणाच्या घरातलं, धंदा काय."

मारोतरावांना एकदम पटलं. सरांनासुद्धा पटलं. सगळी बैठक खूश झाली आणि जमल्यात जमा झालं.

पुढच्याच आठवड्यात मारोतराव आमच्या जिन्यात उभे! सोबत मुखेडची चार माणसं. एका आजीबाईंच्या बोटांचे ठसे उमटत नव्हते, एकाच्या कार्डावर बापाच्या जागी सासऱ्याचं नाव पडलं होतं. आता काय करायचं? नाझनीन काही न बोलता उठली, सगळ्यांना घेऊन खऱ्या आधार केंद्रावर गेली आणि दिवसभर रांगेत उभी राहून सगळ्यांची कामं करून आणली.

जाताना मारोतराव गजाननचा हात हातात घेऊन म्हणाले, ऑफिस लई भारी हाय तुमचं. पोरगी देऊन राहिलो ती या ऑफिसकडं बघून.

गजानन खुशीत हसला. मला मात्र आमचा वर्षावर्षाचा करार आठवला.

•

स्थळ जमलं आणि गजाननला इस्लापूरच्या मावशीची फार आठवण यायला लागली. ही मावशी आम्ही कधी ऐकलेली नव्हती. इस्लापूर किनवट तालुक्यात, हे काही आम्हाला सांगायला नको. दर रविवारी तो मावशीकडं जायचा आणि सोमवारी त्याचे ओले बूट ऑफिसच्या खिडकीत वाळत असायचे. म्हणे, मावशीच्या घरापासून सहस्रकुंडचा धबधबा जवळ पडतो, पाणी बघायला जातो.

नाझनीननं एकदा कॉम्प्युटरवरून नजर न हलवता विचारलं, मावशीचं नाव काय?

गजानन थांबला. इतका वेळ थांबला की सर चष्मा काढून बघायला लागले. मग म्हणाला, "मावशीच म्हणतो आम्ही तिला."

"ही एंट्री मला कच्ची वाटून राहिली," नाझनीन म्हणाली, आणि पुढचा पेपर उघडला.

•

आता जे सांगते, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तुरीवर मर रोग आणणारी बुरशी असते. तिच्या एका प्रोटीनची नोंद पुन्हा आमच्या वाट्याला आली. लिहिलं होतं, हे प्रोटीन मुळाची भिंत विरघळवतं. लातूरकडची मी, माझ्या माहेरची तूर या मर रोगानं उभी वाळलेली पाहिलीय, म्हणून मी मन लावून वाचत होते. नाझनीन शेजारी येऊन म्हणाली, कोणी पाहिलं?

खूण होती 'सारखं दिसतं म्हणून'. कोणासारखं? हरभऱ्याच्या बुरशीतल्या प्रोटीनसारखं. हरभऱ्याची नोंद उघडली. तिथंही तीच खूण, कापसाच्या बुरशीसारखं. कापसाची उघडली. तिथं लिहिलं होतं, तुरीच्या बुरशीसारखं.

तूर म्हणते हरभऱ्याला विचारा, हरभरा म्हणतो कापसाला, कापूस म्हणतो तुरीला. प्रयोग कोणीच केलेला नव्हता! आमच्याकडं काम यायच्या आधी या नोंदी यंत्रानं भरल्या होत्या आणि आम्ही त्यांना हो म्हणून पुढं पाठवल्या होत्या. अशा किती असतील?

सरांनी तिन्ही नोंदींतलं ते वाक्य काढलं, बुरशीचं सगळं काम थांबवलं आणि परदेशातल्या संस्थेला स्वतःहून कळवलं, की आमचा मागचा सगळा माल आम्ही परत तपासतो आहोत. करार संपायला आला होता. गजानन हात जोडून म्हणाला, सर, माझा साखरपुडा होईपर्यंत थांबा. सर म्हणाले, चुकीचं आहे हे आपण प्रत्यक्ष पाहिलंय, आता गप्प कसं बसायचं?

संस्थेकडून उत्तर आलं नाही. आम्ही तपासत राहिलो आणि वाट बघत राहिलो. करार गेला तर मला हैदराबाद गाठावं लागणार, लेकीची शाळा इथं. गजाननचं तर लग्नच या ऑफिसवर उभं होतं.

•

आणि एका दुपारी मारोतरावांचा फोन आला. पाव्हणं, साखरपुडा जरा थांबवू. तुमचं ऑफिस बंद पडून राहिलं म्हणतेत.

गजानन फोन ठेवून नुसता बसून राहिला. एरवी ज्याला गप्प करायला आम्हाला पाया पडावं लागतं, तो माणूस पाणीसुद्धा मागेना. मला त्याच्याकडं बघवेना. सर म्हणाले, मलाच अजून काही कळलेलं नाही, तर मुखेडला कसं कळलं?

नाझनीन उठली. "कोणी पाहिलं, ते बघू," म्हणाली आणि मला ओढत जिना उतरली.

मारोतरावांनी सांगितलं होतं, की मेहुण्याकडून कळलं. मेहुण्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत. तिथं गेलो. ते म्हणाले, तुमचे घरमालक सांगत होते की. घरमालक म्हणजे खालचे बियाणंवाले अण्णा. अण्णा म्हणाले, मला चहावाल्या बाबूभाईनं सांगितलं, मी तर नवा भाडेकरू बघायला लागलो. बाबूभाईनं हातातला कप ठेवला आणि म्हणाला, हमको कौन बोलेगा? तुमचाच गजानन बोलला.

आम्ही वर आलो. गजाननला उभं केलं. तो म्हणाला, मी एवढंच म्हटलं, की लोक म्हणून राहिले ऑफिस जाणार.

"कोण लोक?" नाझनीननं विचारलं.

"मारोतराव," गजानन म्हणाला. "मागं फोनवर त्यांनी विचारलं, ऑफिस टिकंल ना? मला वाटलं, त्यांना कुठून तरी पक्कं कळलं असंल."

मग सर त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, "तूर, हरभरा, कापूस."

त्यावर आम्ही जे हसायला लागलो! कितीतरी दिवसांनी हसलो. खालून अण्णा वर बघायला आले, की ऑफिस बंद होणारे लोक एवढे हसतात कशाला. गजाननसुद्धा हसला, पण हसता हसता त्याचे डोळे भरले, कारण बातमीला बूड नाही हे आम्हाला कळलं होतं, मुखेडला कुठं कळलं होतं?

•

त्याच आठवड्यात परदेशातल्या संस्थेच्या बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. आम्ही चौघं एका स्क्रीनपुढं खुर्च्या ओढून बसलो. सर कधी नव्हे ते दोनदा कपाळ पुसून आले, त्यात भस्माचा एक पट्टा गेला.

बाई म्हणाल्या, तुम्ही कळवल्यावर आम्ही आमच्याकडचं सगळं तपासायला घेतलं, म्हणून उत्तराला वेळ लागला. असे गोल आणखी सापडले, इतरांच्या कामातसुद्धा सापडले. कोणी सांगत नव्हतं, तुम्ही सांगितलं. करार पुढं चालू आहे, आणि बुरश्यांचं सगळंच काम तुम्ही घ्याल का?

सर 'हो' म्हणाले. मी सरळ रडले. छातीवरचं ओझं उतरतं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. नाझनीननं तिथूनच घरी फोन लावला, अम्मी, नोकरी राहिली!

पलीकडून अम्मी म्हणाली, "कोणी पाहिलं?"

•

मुखेडला आम्ही चौघंही गेलो. एस.टी.नं. गजाननचे कपडे इस्त्रीचे, बूट चकाचक पुसलेले.

मारोतरावांनी बसवलं, पोहे आले. सरांनी बातमीचा सगळा फेरा समजावून सांगितला. बाबूभाई, अण्णा, मेहुणे, आणि फिरून परत मारोतराव. मारोतरावांनी दोनदा ऐकलं. बोटांवर मोजून बघितलं.

"म्हणजे मी माझंच ऐकून भ्यालो?"

"हाव," सर म्हणाले.

"बरं, मग ऑफिस राहणार, हे कशावरून?"

सर खुशीनं पुढं सरकले. हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तीन माणसं शेजारी बसलेली होती. त्यांनी बाईंचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. मारोतरावांची मान हलली. मला वाटलं, झालं, सुटलो.

पण मारोतराव आता सरांच्याच तालमीत तयार झाले होते. गजाननकडं बोट करून म्हणाले, "ऑफिसचं पटलं. पण मागं मी ऑफिसकडं बघून हो म्हणलो, आणि ऑफिसकडं बघूनच नाही म्हणलो. पोराकडं बघायचं राहूनच गेलं. आता सांगा सर, हा पोरगा माणूस म्हणून चांगला हाय, हे कोणी पाहिलं?"

साध्या माणसानं म्हटलं असतं, अहो, लाखात एक मुलगा आहे. सर विचारात पडले. मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, नाझनीन खोकली. सर म्हणाले, "कामात चांगला आहे. ते मी पाहिलंय. घरात कसा असेल, ते मी पाहिलेलं नाही."

मला सरांना तिथंच ओरडावंसं वाटलं. गजाननचा चेहरा पार उतरला.

"मी पाहिलंय."

आतल्या दारात शीतल उभी होती. हातात चहाचा ट्रे. या वेळी मान सरळ वर होती.

"चांगला हाय," ती म्हणाली, आणि ट्रे आणून वडिलांच्या पुढं ठेवला.

सरांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "मग झालं की, मारोतराव! प्रत्यक्ष पाहणारं माणूस घरातच आहे. आता ही नोंद पक्की धरा."

मारोतराव लेकीकडं बघत होते. मग गजाननकडं. मग पुन्हा लेकीकडं.

"पण पाहिलं कुठं?" ते म्हणाले.

गजानन आपल्या बुटांकडं बघून राहिला होता. नाझनीननं माझ्या पायावर पाय दिला, आणि आम्ही दोघींनी एकदमच पोह्यांची तारीफ सुरू केली.